पाहुण्या गोलकीपरचे हातमोजे

नातू तीन दिवस झाले गावात होता आणि आजीला भेटायला आला नव्हता. त्याचे मोजे मात्र आले होते.

बाईंनी ते चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेले आणि साऱ्या धुलाईघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघून घ्या. पायातलं आलं, पाय नाही आले."

चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोघी बायका तोंड लपवून हसल्या. थोरल्या मुलाची बायको हसली नाही. तिला या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती, आणि सासूच्या कुठल्या बोलण्यावर हसायचं नाही हे कळायला त्यातली पहिली दोन पुरली होती. इस्त्री न थांबवता ती म्हणाली, "त्यांना हॉटेलबाहेर सोडत नाहीत, आई. सामना होईपर्यंत नियम असतात."

"तुरुंगातल्या माणसालासुद्धा भेट असते. आणि याची आजी राहते किती लांब? दोन चौक आणि एक पूल. मळके कपडे तेवढं अंतर गाडीत बसून आले ना?"

कपडे काही कुणी मुद्दाम पाठवले नव्हते. पुलापलीकडच्या मोठ्या हॉटेलचं सगळं धुणं वीस वर्षं बाईंकडेच येत होतं. विश्वचषकासाठी खंडाची पात्रता फेरी चालू होती, गटातला शेवटचा सामना उद्या इथल्या मैदानावर होता, पाहुणा संघ त्याच हॉटेलात उतरला होता, आणि त्या संघाच्या गोलमध्ये उभा राहणारा सव्वासहा फुटी इसम बाईंच्या मुलीचा मुलगा होता. लहानपणी सुट्टीत आला की माळ्यावरचे डबे तो उभ्या उभ्या काढून देई, म्हणून बाईंनी त्याचं नाव शिडी ठेवलं होतं. आता तो दुसऱ्या देशाची शिडी होता.

तीन वर्षांपूर्वीची ती गोष्ट घरात कुणी काढत नसे. म्हणजे रोज कुणी ना कुणी तिला वळसा घालून जात असे. बाईंची धाकटी मुलगी लग्न करून सीमेपलीकडे गेली, तिथल्या इस्पितळात नर्स झाली, पोरगं तिथंच वाढलं. आईच्या बाजूनं इकडे आणि जन्माच्या बाजूनं तिकडे, दोन्हीकडून खेळायचा त्याला हक्क होता. थोरल्यानं कुणाकुणाचे पाय धरून इथल्या निवड समितीपर्यंत शब्द टाकला, भाचा आपल्याकडून खेळणार म्हणून रस्ताभर सांगितलं, एक नंबरचा शर्टसुद्धा आणून ठेवला. पोरानं मात्र जिथं खेळायला शिकला तो संघ निवडला.

"तुझ्या पोरानं माझं नाक कापलं," थोरला फोनवर बहिणीला म्हणाला.

"माझ्या पोराच्या हातात नाक द्यायला तुला सांगितलं होतं कुणी?" धाकटी म्हणाली.

त्या दिवसापासून भाऊबहिणीचं बोलणं बंद. बाईंनी कुणाचीच बाजू घेतली नव्हती, म्हणजे दोघांनाही सारख्याच शिव्या घातल्या होत्या.

थोरल्याची मुलगी गठ्ठे मोजता मोजता म्हणाली, "आजी, उद्याचं गणित तरी समजून घे." ही एकोणीस वर्षांची, कशावरही वाद घाली, म्हणून घरात तिला वकीलीण म्हणत. "आपल्याला नुसती बरोबरी पुरे. बरोबरी झाली तरी आपण गटात पहिले, थेट विश्वचषकात. शिडीदादाच्या संघाला पहिलं यायचं तर जिंकावंच लागेल. हरले तर तिसरे, मग घरी बसा. बरोबरी झाली तर दुसरे. दुसऱ्याला आणखी एक संधी असते, प्लेऑफ म्हणतात."

"म्हणजे बरोबरी झाली तर कुणीच रडायचं नाही?"

"जवळजवळ."

"मग पळापळ कशाला? दोन्हीकडचे जाणते बसवा आणि ठरवून टाका."

बोलता बोलता बाईंनी हॉटेलच्या पिशवीत पुन्हा हात घातला आणि तळाची एक वेगळी थैली त्यांच्या हाताला लागली. आत हातमोजे होते. हिरवे, एवढे मोठे की बाईंचे दोन्ही पंजे एकात मावले असते. तळव्याला जाड मऊ रबर, त्यावर चिखल. आणि एका हातमोज्याच्या आत घडी घातलेली चिठ्ठी.

वकीलीण पाठमोरी होती. बाईंनी चिठ्ठी उघडली. तीन ओळी. बाईंना आकडे सगळे येत, घरच्यांची नावं येत, आणि आणखी एक शब्द येई तो वकिलिणीनं सात वर्षांची असताना वाफ धरलेल्या खिडकीच्या काचेवर बोटानं लिहून शिकवला होता: आजी. बाईंनी पहिल्या ओळीत तो शोधला. नव्हता. दुसरी आणि तिसरी ओळ गिचमिड होती. आजकालची पोरं शेवटी लिहीत असतील, त्या मनाशी म्हणाल्या. कुणाला वाचायला सांगितलं असतं तर नातवानं आजीला काय लिहिलं ते आधी दुसऱ्यानं ऐकलं असतं. रात्री निवांत एकेक अक्षर लावू, असं ठरवून त्यांनी चिठ्ठी एप्रनच्या आतल्या खिशात घातली.

हातमोजे मशीनमध्ये टाकायचा प्रश्नच नव्हता. त्या स्वतः टबाशी बसल्या, बोटाबोटाच्या बेचक्यातला चिखल काढला, चार पाण्यांतून काढले. मग ते घेऊन वाळवणखोलीत गेल्या. तिथं छताखाली वाफेचे पाइप होते. सगळ्यात तापलेला पाइप कोपऱ्यातला, त्यावर फक्त बाईंचे लाकडी चिमटे असत आणि तिथं हॉटेलच्या मॅनेजरचे कोट सुकत. बाईंनी कोट बाजूला सारला आणि हातमोजे लावले. एका टबावर हा धंदा सुरू केला तेव्हापासून त्यांचा एकच कायदा होता: आपल्या दारातून ओला कपडा बाहेर जात नाही. चाळीस वर्षांत गेला नव्हता.

रात्री चिठ्ठी लावायला बसल्या, तर दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दाला डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पिशव्या भरायला थोरला वाळवणखोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. कोपऱ्यातल्या पाइपवर हातमोजे होते, पण ते लोंबत नव्हते. कुणी हात वर करून थांबवल्यासारखे ताठ उभे होते. त्यानं एकाचं बोट वाकवून पाहिलं. रबराला चर्र करून चीर गेली. थोरल्यानं फुटबॉल आयुष्यभर पाहिला होता. गोलकीपरचे हातमोजे ओलसर ठेवतात, रबर मऊ असलं तरच चेंडू चिकटतो, हे त्याला ठाऊक होतं. हे कुणाचे चिमटे आहेत हेही ठाऊक होतं. तो हातमोजे हातात घेऊन दुकानात आला, आणि नेमकी त्याच वेळी दारात धाकटी उभी.

पाहुण्या संघाच्या समर्थकांची बस पहाटे पोचली होती. नऊ तासांच्या प्रवासानं तिचे केस विस्कटले होते आणि गळ्यात त्यांच्या संघाचा मफलर होता. तीन वर्षांत पहिल्यांदा ती या उंबऱ्यात आली होती.

ती थेट भावालाच म्हणाली, "हातमोजे न्यायला आले. काल संध्याकाळी ओले परत यायला हवे होते म्हणाला. आठवी मॅच आहे, सातही याच जोडानं खेळलाय. दुसरे आहेत, पण त्याला..."

तिचं लक्ष भावाच्या हाताकडे गेलं. तिनं ते घेतले, तळवा दाबून पाहिला.

"हे काय आहे, दादा?"

इस्त्री थांबली. घड्या थांबल्या. आतल्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाई जिथल्या तिथं राहिल्या.

"माझ्याकडून झालं," थोरला म्हणाला.

"झालं की केलंस?"

"आता काय फरक पडतो."

"मला पडतो. तीन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस, ते मी गिळलं. मुलगा पहिली मॅच खेळला तेव्हा सगळ्यांचे फोन आले, तुझा नाही आला, तेही गिळलं. पण तू इतका खाली जाशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. पोराच्या हातावर सूड उगवलास?"

 थोरल्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलला की लहानपणापासून होत. पन्नाशी आली तरी ती खोड गेली नव्हती. धाकटीला रागाच्या भरात ते दिसलं नाही. बाईंना लांबून दिसलं.

गप्प राहायला कुणाची हरकत नव्हती. मुलगा पांघरूण घालत होता, मुलगी त्यालाच बोलत होती, थोड्या वेळानं ती निघून गेली असती. बाहत्तर वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द बाईंच्या तोंडून दोनदाच निघाले होते आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्याला म्हणायला शिकवताना. पण धाकटीनं मफलर सावरला, पाठ वळवली, आणि बाईंना कळलं की ही आता या दारातून गेली तर परत येणार नाही.

"थांब गं," त्या पुढे आल्या. "सोबत चिठ्ठी होती का?"

"होती. त्यानं स्वतः लिहिली होती."

बाईंनी एप्रनच्या आतल्या खिशातून चिठ्ठी काढली आणि वकिलिणीपुढे धरली. "वाच. मोठ्यानं."

वकिलिणीनं वाचलं. "हाताने धुवावेत, गार पाण्यात. उष्णतेजवळ अजिबात वाळवू नयेत. ओलेच परत द्यावेत."

"मागे?"

"मागे काही नाही, आजी."

"बरं." बाईंनी चिठ्ठी परत घेतली, होती तशी घडी घातली. "मला वाटलं, पत्र आहे." साबण संपलाय हे सांगावं तितक्याच साध्या सुरात त्या म्हणाल्या. "ते मी वाळवले. मॅनेजरच्या कोटाच्या जागी. याचा काही संबंध नाही. चुकलं ते माझं."

चादरवाल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुनेनं इस्त्री उचलून उभी ठेवली. आणखी थोडा वेळ गेला असता तर हॉटेलच्या मालकाचाच सदरा जळाला असता.

 धाकटी भावाकडे वळली. "मग तू कशाला म्हणालास?"

"तिला बोलली असतीस."

"आणि तुला बोललेलं चालतं?"

"माझी सवय आहे," थोरला म्हणाला. "तीन वर्षं मोडली होती, तेवढंच."

धाकटी हसली नाही, पण मफलर तिनं गळ्यातून काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं झालं असेल तर ग्लिसरीनची बाटली काढा," बाई म्हणाल्या.

दोघांनी एकदमच कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं बाईंचं पहिलं मशीन होतं, पिळायच्या दोन रबरी रोलरांचं. वापरात नव्हतं, पण बाईंनी ते विकू दिलं नव्हतं. रोलरचं रबर ताठलं की कपडा फाटे, म्हणून दर सुट्टीच्या दिवशी ही दोन पोरं दोन बाजूंना बसून त्याला ग्लिसरीन चोळत, आणि दर वेळी माझ्या वाट्याला मोठा भाग आला म्हणून भांडत.

हातमोजे आधी कोमट पाण्यात बुडवले. मग त्याच मशीनपाशी दोन स्टुलं ओढून डावा थोरल्यानं घेतला, उजवा धाकटीनं. बाई डोक्यावर उभ्या राहिल्या.

"अंगठ्यानं, बोटांनी नाही. जोर नको. चिरेत घाल, वरवर नको. कणीक मळतोयस का?"

"आई, रबर आहे, मला कळतंय."

"पन्नाशीला आलास, आज कळतंय."

थोड्या वेळानं बाई बाजूला झाल्या. दोघं मान खाली घालून चोळत राहिली.

"तो शर्ट अजून आहे?" धाकटीनं विचारलं. "एक नंबरचा. आणला होतास तो."

"आहे."

"कुठंय?"

"वरच्या कपाटात. शिडीशिवाय हात पोचत नाही."

आता मात्र ती हसली, आणि हसता हसता नाक पुसायला तिला मनगट वापरावं लागलं, कारण बोटं तेलकट होती.

तासाभरानं तळवे मऊ झाले. उजव्यातली चीर राहिली होती. थोरल्यानं दोन्ही हातमोजे ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळले, हॉटेलच्या पिशव्या गाडीत टाकल्या आणि बहिणीकडे न बघता पलीकडचं दार उघडून धरलं. धाकटी बसली.

सामना चारला सुरू झाला. घड्यांच्या टेबलावर टीव्ही मांडला होता. बाई त्याच्याकडे पाठ करून उशांच्या खोळींची चळत लावत बसल्या. त्यांनी एकदाच विचारलं, "हातात कुठले आहेत?"

"तेच, आजी. हिरवे."

चादरवाल्या दोघी इथल्या संघाच्या पक्क्या, पण बाईंसमोर कसं ओरडावं हा प्रश्न होता. पाहुण्यांचा गोल झाला तेव्हा त्यांना हळहळायचं होतं, त्या खोकल्या. मध्यांतरानंतर इथल्यांचा गोल झाला तेव्हा एकीच्या तोंडून आनंद निसटला आणि तिनं लगेच हातातल्या चादरीत तोंड खुपसलं.

"कसा झाला?" बाईंनी विचारलं.

"बाजूनं चेंडू आला, एकानं डोक्यानं मारला," वकीलीण म्हणाली. "शिडीदादाचा हात लागला होता."

"कुठला?"

वकीलीण एरवी कधी थांबत नसे. आता थांबली. "उजवा."

बाईंच्या हातातली खोळ तशीच राहिली. चीर उजव्यात होती. पुढची चाळीस मिनिटं त्यांनी एकही घडी घातली नाही आणि एक शब्दही काढला नाही, आणि हे या धुलाईघरात याआधी कधी झालं नव्हतं. आणखी एक गोल खाल्ला की शिडीचा संघ तिसरा, म्हणजे घरी. त्याचं वर्षभराचं खेळणं त्या तापल्या पाइपवर वाळलं असतं.

शेवटच्या दोन मिनिटांत वकीलीण उभी राहिली. "एकटाच सुटलाय. आपला. समोर फक्त दादा आहे."

बाई वळल्या. पडद्यावर एक लांबलचक हिरवा माणूस जमिनीला समांतर झाला होता, आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं चेंडूच्या कडेला लागून तो खांबाबाहेर जात होता. मग शिट्टी झाली. एकास एक.

"बरोबरी," सून म्हणाली. "आई, कुणीच हरलं नाही."

"मी काल तेच म्हणत होते," बाई म्हणाल्या आणि हातातल्या खोळीनं तोंड पुसलं.

दिवेलागणीला गाडी दारात थांबली. आधी धाकटी आत आली, बोलतच. "आई, तू हवी होतीस. त्यानं तो चेंडू अडवला तेव्हा दादा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. अंगात इथला शर्ट आणि टाळ्या तिकडच्याला. मागचे लोक त्याला मारायचेच बाकी होते."

"डावा हातमोजा माझा होता," थोरला म्हणाला. "मी केलेल्या कामाला टाळ्या वाजवल्या."

त्याच्यामागून दाराच्या चौकटीखाली वाकून शिडी आत आला. केस ओले, हातात टॉवेलची गुंडाळी. बाईंनी मान वर केली नाही.

"कोण पाहिजे?"

"आजी."

"गिऱ्हाइकांनी पुढच्या काउंटरवर पावती दाखवावी."

"आजी, दोन तास सोडलंय फक्त. काल तासभर सोडलं होतं. समोरच्या फुटपाथपर्यंत आलो होतो. मामा दुकानात उभा होता."

"मी रोजच उभा असतो," थोरला म्हणाला. "दुकान आहे माझं."

"माणसं अंगावर धावून येतात तेव्हा हलत नाहीस," बाई म्हणाल्या, "आणि या इस्त्रीवाल्याला घाबरलास?"

"ती माणसं माझ्यावर रागावलेली नसतात."

यावर थोरल्यानं खिडकीकडे तोंड केलं. बाईंनी खोळी बाजूला सारल्या.

"एक विचारते, खरं सांग. तो गोल. हातमोजा निसटला म्हणून?"

"नाही. मी अर्धं पाऊल उशिरा निघालो."

"वाक."

तो वाकला. बाईंनी त्याचा एक कान धरून दिव्याकडे वळवला, मग दुसरा. मामाचे कान या पोरानं उचललेत हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. दोन्ही कान नेहमीच्या रंगाचे होते. कान सोडताना त्यांचा हात तिथंच गालावर जरा राहिला.

"तुझी चिठ्ठी मला वाचता आली नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी, ते सकाळी सगळ्यांसमोर बोलून झालंय, पुन्हा बोलणार नाही. पण तीन ओळी लिहिल्यास आणि त्यात आजी नव्हतं. तेवढं मला वाचता येतं."

 शिडीनं हातातली गुंडाळी टेबलावर ठेवली. "प्लेऑफपण हेच घालून खेळणार आहे. धुऊन देशील? सकाळी नऊला आमची बस आहे. हॉटेलच्या कपड्यांबरोबर गाडीतून पाठवलेस तरी..."

 सुनेनं डोळे मिटून घेतले.

बाईंनी टॉवेल उलगडला, उजव्या तळव्यातली चीर अंगठ्यानं दाबून पाहिली, आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं घरच्यांच्या कपड्यांच्या खुंट्या होत्या. सगळ्यात वरची, जिथं दुसऱ्या कुणाचा हात पोचत नसे, ती तीन वर्षं रिकामी होती.

"या दारातून चाळीस वर्षांत ओला कपडा गेला नाही, तो तुझ्यासाठी जाईल," त्या म्हणाल्या. "सकाळी सातला त्या खुंटीवर असतील. पण गाडी येणार नाही. गाडी गिऱ्हाइकाला जाते. घरच्यानं आपलं आपण येऊन न्यायचं."